गेलेल्या माणसाचा आवाज न्यूरल नेटवर्कने घडवायचा असेल तर: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी मार्गदर्शक

घरातलं कुणी गेलं आहे, त्यांचे व्हॉइस मेसेज, एखादी कॅसेट, कुठल्यातरी कार्यक्रमाचं चित्रीकरण हाताशी आहे, आणि त्यांचा आवाज नव्या वाक्यांतून ऐकता येईल का असं मनात येतं आहे, अशांसाठी हे लिहिते आहे. मी हे माझ्या आईच्या आवाजासाठी केलं. तिची पत्रं जपून ठेवलेली होती. ती तिच्याच आवाजात वाचली जावीत एवढीच इच्छा होती. ते जमलं. पण वाटेत जी माहिती मिळत गेली त्यातली बरीचशी तंत्रज्ञांनी तंत्रज्ञांसाठी लिहिलेली होती आणि उरलेली काहीतरी विकणाऱ्यांची. प्रोग्रामिंग न येणाऱ्या आणि त्यात दुःखात असलेल्या माणसाला एकेक पायरी कुणी सांगत नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर अवलंबून आहेत. यंत्र आवाजाचा पोत उचलतं, आणि आश्चर्य वाटावं इतका चांगला उचलतं. पण बोलण्याची ढब, म्हणजे कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, वाक्याच्या शेवटी हेल कसा काढायचा, हे ते फारच थोडं उचलतं. ऐकणाऱ्याला माणूस ओळखू येतो तो मुख्यतः ढबीवरून. म्हणून हे काम निम्मं संगणकाचं आणि निम्मं त्या माणसाचं बोलणं आठवणाऱ्यांचं आहे.

यंत्र नेमकं काय करतं

मजकुरापासून आवाज तयार करणारी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांवरून शिकणारे संगणक-प्रोग्राम, साधारणपणे दोन टप्प्यांत काम करतात. पहिला टप्पा मजकुराचं रूपांतर ध्वनीच्या एका नकाशात करतो. त्याला मेल स्पेक्ट्रोग्राम म्हणतात; कुठल्या क्षणी कुठल्या कंपनसंख्येत किती जोर आहे हे त्यात असतं. दुसरा टप्पा, व्होकोडर, त्या नकाशापासून प्रत्यक्ष ऐकू येणारा ध्वनी बनवतो. २०१६ मध्ये डीपमाइंड या कंपनीने वेव्हनेट हे आवाज घडवणारं नेटवर्क मांडलं तेव्हापासून या ध्वनीतला यांत्रिक कोरडेपणा कमी होत गेला.

आवाज कुणाचा हे मॉडेलला, म्हणजे शिकवून तयार झालेल्या नेटवर्कला, बहुतेक वेळा नमुन्यावरून कळतं. काही मॉडेल नमुना ऐकून त्याचं सार काही शे आकड्यांच्या यादीत साठवतात, काही थेट नमुन्याच्या पुढे बोलणं सुरू ठेवल्यासारखं बोलतात. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या जानेवारीत मांडलेलं व्हॅल-ई हे मॉडेल ३ सेकंदांच्या नमुन्यावर आवाजाची नक्कल करत होतं. असे आकडे वाचून हुरळून जाऊ नका. ३ सेकंदांत आवाजाचा रंग कळतो. आई रागावल्यावर आवाज चढवायची की उलट एकदम हळू बोलायची, हे ३ सेकंदांत कुणालाच कळणार नाही.

हाताशी काय हवं

कागदपत्रांपैकी:

- जवळच्या नातेवाइकांची लेखी संमती. साधा ईमेलही चालेल, पण तोंडी होकारावर थांबू नका.
- मृत्यूचा दाखला आणि नात्याचा पुरावा. त्यांच्या ऑनलाइन खात्यातला मजकूर मागायचा असेल तरच लागतो. अॅपलच्या ‘लेगसी कॉन्टॅक्ट’ सोयीत ते हयात असताना तुमचं नाव नोंदवलेलं असेल तर दाखल्यासोबत एक प्रवेश-किल्लीही लागते.
- त्यांनी स्वतः लिहिलेला मजकूर: पत्रं, डायरी, मेसेज.

साधनांपैकी:

- ऑडॅसिटी, आवाज कापण्या-जोडण्यासाठी. मोफत आहे.
- एफएफएमपेग, एका प्रकारची फाइल दुसऱ्या प्रकारात बदलण्यासाठी.
- व्हिस्पर किंवा तसंच ऐकून लिहून देणारं मॉडेल.
- चांगले, कान पूर्ण झाकणारे हेडफोन. फोनच्या स्पीकरवर ऐकून कुठलाही निर्णय घेऊ नका.
- एनव्हिडियाचा जीपीयू, म्हणजे जड आकडेमोड झटपट करणारी चिप, असलेला संगणक; त्या चिपची मेमरी ८ जीबी किंवा जास्त. तो नसेल तर इंटरनेटवरून असा संगणक वापरू देणारी गूगल कोलॅबसारखी भाड्याची किंवा मर्यादित मोफत सोय.
- दोन बाह्य डिस्क.

१. आधी घरच्यांशी बोला

रेकॉर्डिंग उघडण्याच्याही आधी हे करा. ज्यांचा आवाज आहे ते आता हो-नाही सांगू शकत नाहीत, म्हणून त्यांना काय चाललं असतं याचा विचार सगळ्यांनी मिळून करायला हवा. ज्या बाईने हयातीत फोटोसुद्धा काढू दिले नाहीत, तिचा आवाज घडवावा का, याचं उत्तर एकट्याने ठरवू नये.

अमेरिकन शेफ आणि टीव्ही सादरकर्ते अँथनी बोर्डेन हे २०१८ मध्ये गेले. त्यांच्यावर २०२१ मध्ये आलेल्या माहितीपटात त्यांनी लिहिलेली काही वाक्यं कृत्रिम आवाजात ऐकवली गेली, आणि ती कृत्रिम आहेत हे पडद्यावर कुठे सांगितलं नव्हतं. दिग्दर्शकाने जवळच्यांना विचारल्याचं सांगितलं. बोर्डेन यांच्यापासून विभक्त झालेल्या पत्नीने मात्र आपण तसा होकार दिलाच नव्हता असं जाहीरपणे म्हटलं. वाक्यं त्यांचीच होती, तरी वाद झाला. याउलट ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दिवंगत गायकांचे आवाज एका गाण्यासाठी पुन्हा घडवले, तेव्हा दोन्ही कुटुंबांची परवानगी घेतली आणि मानधनही दिलं, हे २०२४ च्या सुरुवातीला त्यांनी स्वतः सांगितलं.

कायद्याच्या भरवशावर राहू नका. युरोपचा जीडीपीआर हा माहिती-संरक्षणाचा इतका कडक कायदा, पण तोही मृत व्यक्तींच्या माहितीला लागू होत नाही; ते प्रत्येक देशावर सोडलं आहे.

घरातलं एक जरी जवळचं माणूस ठाम नाही म्हणत असेल, तर थांबा. रेकॉर्डिंग गोळा करून सुरक्षित ठेवायला कुणाची हरकत नसते. तेवढं करा आणि बाकीचं पुढे ढकला.

आणखी एक गोष्ट याच बैठकीत ठरवून लिहून ठेवा: हा आवाज काय बोलेल आणि काय बोलणार नाही. माझं मत स्पष्ट आहे. त्यांनी स्वतः लिहिलेलं किंवा घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेलं त्यांचं बोलणं, एवढंच त्यांच्या आवाजात यावं. आशीर्वाद, माफी, मालमत्तेविषयीचं मत, कुणाच्या लग्नाला होकार, असलं काहीही त्यांच्या तोंडी घालू नका. ते ऐकताना कितीही खरं वाटलं तरी ते बोललेले नसतात.

२. रेकॉर्डिंग गोळा करा

घाई करण्यासारखी हीच एक पायरी आहे. बाकी सगळं वर्षभराने केलं तरी चालतं.

पहिलं काम म्हणजे त्यांचा फोन. तो कुणाला वापरायला देऊ नका, रिसेट करू नका, अॅप अपडेटच्या किंवा साफसफाईच्या भानगडीत पडू नका. व्हॉट्सअॅप खातं साधारण १२० दिवस वापरात नसेल तर ते बंद होऊ शकतं. व्हॉइस मेसेज त्यांच्या फोनवर असतात तसेच ज्यांना पाठवले त्यांच्या फोनवरही असतात, म्हणून सगळ्या नातेवाइकांना, मैत्रिणींना, सहकाऱ्यांना निरोप द्या: काही पुसू नका, मला पाठवा. नंबर बंद केला की व्हॉइसमेलही जातो, तेव्हा आधी तो उतरवून घ्या.

शोधण्याच्या जागा अशा:

- व्हॉइस मेसेज. ओपस पद्धतीने दाबून साठवलेले असले तरी तोंडाजवळ फोन धरून बोललेले असल्याने बहुतेकदा हाच सर्वांत उपयोगी साठा ठरतो.
- फोनवरचे व्हिडिओ. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला व्हिडिओ पुन्हा दाबला जातो, म्हणून ज्या फोनवर चित्रीकरण झालं तिथून केबलने मूळ फाइल घ्या.
- दुसऱ्याच कुणाच्या व्हिडिओत मागून येणारा त्यांचा आवाज. बारशाच्या किंवा वाढदिवसाच्या चित्रीकरणात कॅमेरा मुलांवर असतो आणि बोलत मात्र त्या असतात.
- कॉल रेकॉर्डिंग. साध्या फोन कॉलमध्ये ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच पट्टा येतो. स, श, ष, फ यांचा बराचसा भाग त्याच्या वर असतो, त्यामुळे हा आवाज मॉडेलला शिकवला की घडवलेला आवाजही कायम फोनवरून आल्यासारखा येतो. ढब समजण्यासाठी मात्र हेच रेकॉर्डिंग अनमोल, कारण फोनवर माणूस मोकळं बोलतं.
- कॅसेट आणि जुन्या व्हिडिओ टेप. बुरशी दिसली तर प्लेअरमध्ये घालूच नका, जाणकाराकडे द्या. चांगल्या असतील तर प्लेअरच्या लाइन-आउटमधून थेट संगणकात उतरवा, स्पीकरसमोर मोबाइल धरून नको. प्लेअरचा वेग थोडा जरी कमीजास्त असला तर आवाजाची पट्टी बदलते. घरचे ऐकून ‘काहीतरी वेगळं लागतंय’ म्हणाले तर आधी वेग तपासा.

मिळालेली प्रत्येक फाइल मूळ स्वरूपात एका वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि त्या फोल्डरला पुन्हा हात लावू नका. पुढचं सगळं काम नकलांवर करायचं. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक घराबाहेर, हा जुना नियम इथे पाळाच. घडवलेला आवाज बिघडला तर तो पुन्हा करता येईल. मूळ रेकॉर्डिंग गेलं तर ते गेलंच.

३. ऐका, नोंद करा, निवडा

एक तक्ता करा: फाइलचं नाव, अंदाजे साल, कुठून मिळाली, किती लांबीची, मागे काय आवाज आहेत, आणि बोलणाऱ्याची मनःस्थिती. शेवटचा रकाना सोडू नका. मॉडेलला ज्या मनःस्थितीतला नमुना द्याल त्याच मनःस्थितीत ते बोलतं. आजारपणातला, धाप लागलेला नमुना दिला तर सगळी पत्रं धापा टाकत वाचली जातील. बहुतेकांच्या फोनवर शेवटच्या महिन्यांतलीच रेकॉर्डिंग सर्वांत जास्त असतात, आणि ती सहज सापडतात म्हणून वापरली जातात. कोणत्या वयातला आवाज हवा आहे हे ठरवा आणि त्याच काळातली रेकॉर्डिंग एकत्र घ्या. वीस वर्षांच्या अंतराचे दोन आवाज मिसळले की तिसऱ्याच कुणाचा तरी आवाज तयार होतो.

ही पायरी एकट्याने करू नका, आणि एका बैठकीत फार वेळ करू नका. ज्या फाइलींवर आपण रडतो त्याच फाइली तांत्रिक दृष्ट्या सर्वांत चांगल्या असतील असं नाही. म्हणून निवडीसाठी बरोबर असं कुणी असावं ज्याला कान आहे आणि जे थोडं दूरचं आहे.

निवडीचा निकष साधा आहे. एकच माणूस बोलत असावा, मागे टीव्ही किंवा गाणं नसावं, खोली घुमत नसावी. दहा मिनिटं स्वच्छ बोलणं हे दोन तासांच्या गोंगाटापेक्षा जास्त कामाचं.

४. साफसफाई, तीही बेताने

निवडलेले तुकडे एफएफएमपेगने वेव्ह फाइलमध्ये बदला, एका चॅनलचे, तुमच्या मॉडेलला हव्या त्या सॅम्पलिंग दराने, म्हणजे सेकंदाला ध्वनीचे जितके नमुने त्याला लागतात तितक्या. बऱ्याच मॉडेलांना २४ किलोहर्ट्झ लागतं. ८ किलोहर्ट्झची फाइल २४ ला नेली म्हणून तिच्यात नसलेला तपशील येत नाही.

मागे संगीत असेल तर डेमक्स हे मोफत मॉडेल बोलणं आणि संगीत बरंच वेगळं करतं. पंख्याची घरघर ऑडॅसिटीच्या नॉइज रिडक्शनने जाते: नुसत्या घरघरीचा एखादा सेकंद निवडून तिची ओळख करून द्यायची आणि मग पूर्ण तुकड्यावर लावायचं. थोडं लावा. जास्त लावलं की आवाज पाण्याखालून आल्यासारखा होतो, आणि मॉडेल तो दोषही इमानेइतबारे शिकतं. खोलीचा घुमारा काढणं सर्वांत अवघड. तसे तुकडे शक्यतो बाजूलाच ठेवा.

श्वास, खाकरणं, बोलता बोलता हसणं काढू नका. ते आवाजाचाच भाग आहे. दोन माणसं एकाच वेळी बोलत आहेत तो भाग मात्र निर्दयपणे कापा. शेवटी ३ ते १२ सेकंदांचे तुकडे करा, वाक्य पूर्ण होईल तिथेच कापून, आणि सगळ्यांची आवाजाची पातळी सारखी करा.

५. शब्द न् शब्द उतरवा

प्रत्येक तुकड्यात नेमकं काय बोललं गेलं ते लिहावं लागतं. व्हिस्परला मराठी येतं, पहिला मसुदा त्याच्याकडून घ्या, पण तसाच वापरू नका. शांत जागी ते कधीकधी न बोललेली वाक्यं स्वतःहून लिहितं, आणि बोलीतलं बोलणं गुपचूप प्रमाण मराठीत बदलतं. त्या ‘व्हतं’ म्हणाल्या असतील तर ‘व्हतं’ लिहा, ‘होतं’ नको. ‘अगं’, ‘म्हंजे’, ‘हां’ हे सगळं लिहा. मजकूर आणि ध्वनी जुळले नाहीत तर मॉडेल गोंधळतं आणि शब्द गिळायला लागतं.

मराठीची स्वतःची एक अडचण इथे आहे. ‘चमचा’ मधला च आणि ‘चित्र’ मधला च वेगळे, ‘जावई’ मधला ज आणि ‘जन्म’ मधला ज वेगळे, पण लिपीत दोन्ही सारखेच. हिंदीवर तयार झालेलं मॉडेल सगळे च-ज एकाच पद्धतीने उच्चारतं, आणि ‘ळ’ला अडखळतं. पोत कितीही जुळला तरी ‘चुलत’, ‘जवळ’ असे शब्द परक्या तोंडचे वाटले की घरच्यांचं मन उडतं. त्यामुळे मॉडेल निवडताना त्याला मराठी खरंच येतं का हे आधी पाहा. देवनागरी वाचता येतं म्हणजे मराठी येतं असं नाही.

६. रस्ता निवडा

मुख्य रस्ते तीन.

पहिला, नमुना देऊन थेट बोलवणं. काही सेकंदांचा तुकडा आणि त्याचा मजकूर द्यायचा, मग हवा तो मजकूर वाचून घ्यायचा. काहीही शिकवावं लागत नाही. मराठीसाठी आयआयटी मद्रासमधल्या एआय४भारत या संशोधन गटाचं इंडिकएफ५ हे मॉडेल आहे. ते ११ भारतीय भाषा बोलतं, त्यात मराठी आहे, आणि ज्याची परवानगी आहे तोच आवाज घडवावा अशी त्याची अट आहे. एक्सटीटीएस-व्ही२ हे नाव तुम्हाला सगळीकडे दिसेल. त्याच्या १७ भाषांत हिंदी आहे, मराठी नाही. ते बनवणारी कोकी ही कंपनी २०२४ च्या सुरुवातीला बंद झाली. मॉडेल अजून वापरता येतं, पण व्यावसायिक वापराला परवाना नाही.

दुसरा, असं मॉडेल तुमच्या तुकड्यांवर आणखी शिकवणं, म्हणजे फाइन-ट्यूनिंग. अर्धा तास तरी स्वच्छ, उतरवून घेतलेलं बोलणं असेल तर ढब थोडी जास्त जुळते. साहित्य कमी असेल तर यात पडू नका. मॉडेल तुकडे पाठ करतं आणि नवं वाक्य आलं की बरळतं. शिकवताना काही तुकडे बाजूला ठेवा, ठरावीक अंतराने मॉडेलच्या प्रती साठवा आणि कुठली चांगली हे कानाने ठरवा. पडद्यावर घसरत जाणारा लॉसचा, म्हणजे मॉडेलच्या चुकीच्या मापाचा, आकडा शेवटपर्यंत खरं सांगत नाही.

तिसरा रस्ता आवाज बदलण्याचा, आणि माझ्या मते घरगुती कामासाठी हाच सर्वांत चांगला. आरव्हीसी हे २०२३ पासून उपलब्ध असलेलं मोफत साधन मजकूर वाचत नाही. त्याला जिवंत माणसाने वाचलेलं रेकॉर्डिंग द्यायचं. ते शब्द, थांबे, चढउतार तसेच ठेवतं आणि फक्त आवाजाचा पोत बदलतं. शिकवायला निदान दहा मिनिटं स्वच्छ बोलणं असावं, आणि त्याचा मजकूर उतरवावा लागत नाही.

याचा अर्थ ढब यंत्राकडून मागायची गरज उरत नाही. ती माणसाकडून येते. आईची पत्रं माझ्या मावशीने वाचली. दोघी एकाच घरात वाढलेल्या, हेल एकच, आणि कुठल्या वाक्याला आई हसली असती हे मावशीला सांगावं लागलं नाही. च आणि ज आपोआप बरोबर आले. कुठल्याही मॉडेलने मजकुरावरून केलेल्या वाचनापेक्षा हे आईच्या कितीतरी जवळचं होतं, आणि वाचण्याच्या निमित्ताने मावशीने आईबद्दल जे सांगितलं तेही आता आमच्याकडे नोंदवलेलं आहे.

तुमच्या घरात असं माणूस शोधा: भाऊ, बहीण, मुलगी, जुनी मैत्रीण. नक्कल करता यायला हवी असं नाही. फक्त त्यांचं बोलणं कानात असायला हवं.

आरव्हीसीत लक्ष ठेवायच्या जागा थोड्या आहेत. वाचणारी बाई आणि घडवायचा आवाज पुरुषाचा असेल तर पट्टी साधारण १२ अर्धसूर खाली घ्या, उलट असेल तर वर. मग एकेक अर्धसूर हलवून पाहा. पट्टी ओळखण्यासाठीच्या पर्यायांत आरएमव्हीपीई निवडा. इंडेक्स नावाच्या सेटिंगचं प्रमाण वाढवलं की उच्चार गेलेल्या माणसाकडे झुकतात, पण शिकवलेल्या फाइलींतले दोषही वर येतात. मधोमध ठेवून सुरुवात करा. श्वास आणि स-श चिरके येत असतील तर ‘प्रोटेक्ट’ची सेटिंग बदलून पाहा. वाचन शांत, न घुमणाऱ्या खोलीत, कपड्यांच्या कपाटाजवळ बसून केलं तरी फरक पडतो.

वेबसाइटवर फाइल चढवा आणि आवाज घ्या, अशा विकतच्या सेवांबद्दल थोडंसं. त्यातल्या काही, विशेषतः जास्त दर्जाच्या नकलेसाठी, आवाजाच्या मालकाने तिथल्या तिथे ठरावीक वाक्य बोलून संमती द्यावी असं मागतात. गेलेल्या माणसाला ते शक्य नाही. कुणी ती अट चुकवायच्या युक्त्या सांगेल. त्या वापरू नका. चढवलेल्या फाइलींचं ते काय करतात, पुसल्या तर खरंच पुसतात का, हे अटींमध्ये वाचल्याशिवाय आईवडिलांचा आवाज कुणाच्या सर्व्हरवर ठेवू नका.

७. घडवलेला आवाज तपासा

मजकूर देऊन बोलवत असाल तर वाक्यं छोटी करा, आकडे आणि तारखा अक्षरांत लिहा, स्वल्पविराम बोलण्याच्या थांब्यांप्रमाणे द्या. एकच वाक्य अनेकदा काढून त्यातलं चांगलं निवडा. हीच पद्धत आहे, त्यात काही गैर नाही.

मग घरच्यांना ऐकवा, पण तयारीनिशी. खरे आणि घडवलेले तुकडे मिसळून ऐकवायची पद्धत दोष ओळखायला उपयोगी आहे. मात्र असं मिश्रण आहे हे आधी सांगा. फसवून ऐकवणं क्रूर आहे. ‘कसं वाटलं’ असं विचारलं तर सगळे गहिवरतात आणि हातात काही येत नाही. ‘कुठे खोटं वाटलं’ असं विचारा: एखादा शब्द, वाक्याचा शेवट, वेग. बहुतेक वेळा उत्तर ढबीबद्दल येतं, आणि त्यावर उपाय म्हणजे ते वाक्य पुन्हा वाचून घेणं, मॉडेल बदलणं नव्हे.

८. खूण, कुलूप आणि मुदत

घडवलेल्या प्रत्येक फाइलच्या नावात ‘कृत्रिम’ हा शब्द घाला, आणि ध्वनीच्या सुरुवातीलाही दुसऱ्या कुणाच्या आवाजात एक वाक्य ठेवा: हे वाचन अमुक वर्षी संगणकाने घडवलेलं आहे. तीस वर्षांनी ही फाइल जिच्या हाती लागेल त्या नातीला फरक कळायला हवा. मूळ आणि घडवलेलं एकाच फोल्डरमध्ये कधीही ठेवू नका. जमत असेल तर मेटाचं ऑडिओसील वापरून ऐकू न येणारी खूणही उमटवता येते, पण नावातला शब्द जास्त टिकाऊ.

शिकवलेलं मॉडेल ही एखाद्याच्या सहीच्या शिक्क्यासारखी गोष्ट आहे. ते ज्याच्या हाती पडेल तो त्या आवाजात काहीही बोलू शकतो, आणि नातेवाइकाच्या आवाजात फोन करून पैसे उकळण्याचे प्रकार अनेक देशांत झाले आहेत. मॉडेलची फाइल पासवर्डने बंद करून ठेवा, ग्रुपवर टाकू नका, कोलॅबवरची प्रत काम झाल्यावर पुसा. त्यांच्या नावाच्या एखाद्या खात्याला आवाजावरून ओळख पटवण्याची सोय असेल तर ती बंद करून घ्या. मॉडेल कुणाकडे राहील आणि कधी पुसायचं हेही लिहून ठेवा. आम्ही पत्रं पूर्ण झाल्यावर मॉडेल पुसलं आणि रेकॉर्डिंग ठेवली.

९. ऐकण्याबद्दल

२०२२ मध्ये अॅमेझॉनने एका परिषदेत अलेक्सा एका मुलाला त्याच्या आजीच्या आवाजात गोष्ट वाचून दाखवते असं प्रात्यक्षिक केलं होतं. तेव्हापासून अनेकांच्या मनात तेच चित्र आहे: आवाज घडवायचा, तो चॅटबॉटला जोडायचा आणि बोलत राहायचं. तांत्रिक दृष्ट्या ते अवघड नाही. मी ते करू नका असं सांगेन, निदान पहिली काही वर्षं तरी. चॅटबॉट विचारलेल्या प्रत्येक गोष्टीला उत्तर देतो, तीच उत्तरं त्या माणसाच्या आवाजात आली की मनात त्याच्या खऱ्या बोलण्याशेजारी जाऊन बसतात, आणि काही काळाने कुठलं वाक्य खरं होतं हे सांगता येत नाही. केंब्रिजच्या दोन संशोधकांनी २०२४ मध्ये अशा ‘डेडबॉट’वर, म्हणजे गेलेल्या माणसासारखं बोलणाऱ्या चॅटबॉटवर, लिहिताना हेच सुचवलं होतं की लहान मुलांना त्यांपासून दूर ठेवावं आणि असा बॉट सन्मानाने बंद करण्याची पद्धत आधीच असावी.

माणूस जाऊन थोडेच दिवस झाले असतील तर दुसऱ्या पायरीपर्यंतच जा. फाइली जमवा, प्रती करा, आणि ठेवून द्या. पहिल्यांदा घडवलेला आवाज ऐकताना सोबत कुणीतरी असू द्या, रात्री उशिरा ऐकू नका, आणि ऐकल्यावर लगेच एखादं खरं रेकॉर्डिंगही ऐका, अगदी अर्ध्या मिनिटाचं, ‘पोचले गं’ एवढंच सांगणारं असलं तरी. झोप उडाली, जेवण सुटलं, दिवसभर तेच ऐकत बसावंसं वाटलं, तर फाइली दुसऱ्या कुणाकडे द्या आणि समुपदेशकाशी बोला. घरातल्या ज्यांना ऐकायचंच नाही त्यांना आग्रह करू नका. वडील अजून ती पत्रं ऐकायला तयार नाहीत. ते स्वतः वाचतात.